पुसट अक्षरांचे कोल्हापूर

कोल्हापुरास जाणारा मनुष्य प्रथम अंबाबाईच्या दर्शनास जातो, नंतर रंकाळ्यावर, आणि दिवस उरलाच तर पन्हाळ्यास. आम्हीही आजवर हाच क्रम पाळीत आलो. गेल्या श्रावणात मात्र आम्ही तेथे गेलो ते एका भिंतीकरिता. आणि ती भिंतही कोणा देवळाची अगर राजवाड्याची नसून शुक्रवार पेठेतील आमच्या वडिलोपार्जित वाड्याची, बोळाच्या अंगाची.

२०१९ च्या ऑगस्टातील महापुरात पंचगंगेचे पाणी या बोळात शिरले. २०२१ च्या जुलैत पुनश्च शिरले. भिंतीचा खालचा गिलावा फुगून गळाला व आतल्या विटा दिसू लागल्या. वाड्यात राहणारे आमचे चुलतबंधू नाना यांनी आम्हा सर्व भावंडांस पत्रे धाडली की, आता सिमेंटचा गिलावा करून वर टिकाऊ रंग द्यावा, खर्च चौघांनी सारखा सोसावा, आणि माघात नातवाची मुंज वाड्यातच व्हावयाची असल्याने काय ते ठरविण्यासाठी सर्वांनी एकदा जमावे. पत्राखाली एका ओळीचा ताजा कलम होता : ‘भिंतीवर जुन्या जाहिरातींचे डाग आहेत, तेही एकदाचे जातील.’ हे वाचून आम्हास त्या वेळी विशेष काही वाटले नाही. डाग होते ही गोष्ट खरीच होती. लहानपणी सुटीत त्या भिंतीवर चेंडू आपटण्यात आमच्या कित्येक दुपारी गेल्या. परंतु चेंडू जेथे लागतो तेथे काय लिहिले आहे, हे पाहण्याची बुद्धी कोणास झाली नाही.

मिरजेहून कोल्हापुरास जाणारा लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. मार्ग तासाभराचा. जयसिंगपूर गेले, हातकणंगले गेले, रुकडीपाशी पंचगंगेचा पूल लागला. खिडकीशी बसून आम्ही रुळांकडे पाठ करून उभ्या असलेल्या भिंती वाचीत होतो. खते, बियाणे, पाण्याचे पाइप, सिमेंट, दुखण्यावरची मलमे! नव्या अक्षरांखाली जुनी अक्षरे डोकावत होती आणि काही भिंतींवर तर जुनीच तेवढी शिल्लक होती. नानांच्या ताज्या कलमामुळे असो वा अन्य कशाने असो, त्या दिवशी प्रथमच आमचे लक्ष तिकडे गेले.

वाड्यावर पोहोचलो तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. भिंत ओलीगच्च होती. आणि पाहतो तो, कोरडेपणी जेथे नुसते तपकिरी डाग दिसावयाचे तेथे अक्षरे उमटून आली होती! वरच्या अंगास पांढरी, हातभर उंचीची ‘दात’ ही अक्षरे, त्यांच्याच पोटातून निघालेली निळसर ‘रोज तीन खेळ’, आणि खाली कोपऱ्यात ‘किं. ४ आणे’. आमच्या सौभाग्यवतींनी छत्री मिटता मिटता ते मोठ्याने वाचले : “दात रोज तीन खेळ!” आणि “खेळतील बापडे, तोंडात असेतो,” अशी पुस्तीही जोडली. नानांचा नातू तेव्हापासून भिंतीपुढून हलेना.

ओल्या भिंतीवर अक्षरे उठून का दिसतात आणि दोन जाहिराती एकमेकींत मिसळतात कशा, हे आम्हास सांगितले ते पलीकडच्या गल्लीतील एका वृद्ध पेंटरांनी. भिंत खरवडावयास किती लागेल हे विचारण्यासाठी नानांनी त्यांस बोलाविले होते. वय पंचाहत्तरीच्या पुढे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. ते भिंतीपुढे बराच वेळ उभे राहिले, मग नखाने एका अक्षराची कड खरवडून पाहिली आणि म्हणाले, “खालचा हात लई चांगला हाय. वरचा कामचलाऊ.” पुढे हेही म्हणाले, “रंग कुणीबी लावंल. आधी भित वाचाय यायला पाहिजे.”

त्यांच्याजवळ आम्ही दोन दिवस बसलो. पेंटर मंडळींचे शास्त्र आम्हास ठाऊक नव्हते, वाचकांपैकीही थोड्यांस असेल, म्हणून ते येथे थोडे विस्ताराने देतो. नव्या चुन्यावर तेलाचा रंग कधीही चढवू नये. चुना तेलास खातो व त्याचा साबण होऊन रंग पोपडे धरतो. जाणता पेंटर भिंतीस एक पावसाळा खाऊ देई, मग जवसाच्या तेलाचा एक हात पाजी. नंतर सुताचा दोरा गेरूत किंवा निळीत बुडवून दोघांनी दोन टोकांस ताणून धरावयाचा व मध्ये उचलून सोडावयाचा, म्हणजे टणत्कारासरशी सरळ रेघ उमटते. एक रेघ शिरोरेखेची, एक तळाची. शिरोरेखेवर मात्रांना व वेलांट्यांना जागा, तळाखाली उकारांना. हा हिशेब चुकला की ओळीच्या अखेरीस अक्षरे दाटीवाटीने उभी राहतात. चित्र असेल तर ते कागदावर काढून, रेघांवर सुईने छिद्रे पाडून तो कागद भिंतीस लावावयाचा व कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थोपटावयाची. परांचीवर उभे राहून, डाव्या हातातील काठीवर उजवे मनगट टेकून, अक्षराचा काना एका दमात खाली आणावयाचा. मध्ये श्वास सोडला तर रेघ थरथरते, असे पेंटर म्हणाले. आणि बोलताना त्यांचा हात हवेत एक ‘त’ काढून गेला.

आता पुसट अक्षरांचे मर्म ऐका. जुन्या काळी पांढरा रंग बहुधा शिशाच्या सफेद्याचा असे. हा सफेदा तेलाशी मिळून चिवट, पाणी न शिरणारा थर बनवितो. सभोवारची चुन्याची वा सरसातली जमीन मात्र दर पावसाळ्यात थोडी थोडी धुपते. परिणामी पन्नास-साठ वर्षांनी जमीन जाते व अक्षर राहते. आमच्या भिंतीवर चित्रपटाची जाहिरात नंतरची, परंतु स्वस्त सरसाच्या रंगातली. ती झिजली व तिच्याखालची सफेद्यातली जुनी अक्षरे वर आली. ओल्या विटांचा रंग गडद झाला की ही फिकट अक्षरे अधिकच उठतात. निळ्या रंगाचेही असेच : कपड्यास घालावयाच्या निळीचा निळा चुन्यावर टिकतो, प्रशियन निळा टिकत नाही, तपकिरी पडतो. शिसे विषारी, हे सांगावयास नकोच. कुंचल्याचे टोक ओठांत धरून साधावयाची सवय असलेल्या कित्येक कारागिरांनी ते पोटात घातले असेल. घरगुती रंगांतील शिशावर आपल्या देशात कडक मर्यादा अमलात आली ती २०१७ साली!

कोल्हापुरात ‘पेंटर’ हा शब्द उच्चारताना मनुष्य आदराने थांबतो, त्यास कारण आहे. शाहू महाराजांच्या आश्रयास असलेल्या आबालाल रहिमानांनी कोटितीर्थ व रंकाळ्याच्या परिसराची चित्रे काढली. त्यांच्या मागून आनंदराव व बाबूराव हे मेस्त्री बंधू आले. दोघांनी नाटक मंडळ्यांचे पडदे असे रंगविले की, मेस्त्री हे नाव मागे पडून धंद्याचेच आडनाव झाले. आनंदराव १९१६ साली निवर्तले. बाबूरावांनी त्यांचे स्वप्न पुढे नेऊन महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली व १९२० साली ‘सैरंध्री’ दाखविला; लोकमान्यांनी त्यांस ‘सिनेमा केसरी’ म्हटले ते तेव्हाच. चित्रपट काढावयाचा आणि त्याची जाहिरातही आपल्याच कुंचल्याने रंगवावयाची, हा बाबूरावांचा शिरस्ता. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चे १९२४ चे पोस्टर आज उपलब्ध असलेल्या भारतीय पोस्टरांत सर्वांत जुन्यांपैकी गणले जाते. दामले व फत्तेलाल हे याच कारखान्यात पडदे रंगवून तयार झाले, १९२९ साली त्यांनी व सोबत्यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात’ काढली, आणि १९३३ मध्ये ती पुण्यास गेली. पुढे जी. कांबळे याच मातीतून मुंबईस गेले. ‘मुघल-ए-आझम’ची भव्य पोस्टरे त्यांची, आणि सरकारी कचेऱ्यांतून लागलेले शिवछत्रपतींचे चित्रही त्यांचेच.

आमच्या वृद्ध पेंटरांचे वडील अशाच एका पडदे रंगविणाऱ्याच्या हाताखाली रंग घोटीत असत. कोणी पडद्यावरून चित्रपटात गेला, कोणी मुंबईस. ज्यास हे साधले नाही तो भिंतीवर गेला. शाहूपुरीतल्या गुळाच्या अडती, खासबागेतली कुस्त्यांची मैदाने, नाटके, विड्या, चहा, छत्र्या, सारे त्याने लिहिले. आमच्यासारख्या शिकलेल्या घरांतून आबालालांच्या चित्रांवर लेख लिहिले गेले, बाबूरावांवर पुस्तके निघाली. भिंतीवरच्या अक्षरांकडे आम्ही पाहिले ते एकाच कारणासाठी, त्यांतील ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढण्यासाठी. हे लिहिताना आम्हास थोडी शरम वाटते.

दुसरे दिवशी सकाळी आम्ही पेंटरांबरोबर गंगावेशीतून पापाच्या तिकटीपर्यंत व तेथून महाद्वार रस्त्याने फिरलो. भिंतीचे वय कसे ओळखावे याचे त्यांनी धडेच दिले. किंमत आण्यांत असली तर १९५७ च्या एप्रिलपूर्वीची. ‘नवे पैसे’ असले तर १९५७ ते १९६४ मधली, कारण पुढे ‘नवे’ हा शब्द गळला. माल शेरावर असेल तर जुनी. किलोचा व्यवहार १९५८ नंतर हळूहळू रुळला. पत्त्यात पिन क्रमांक असला तर १९७२ नंतरची. तंबाखूच्या उघड्यावरील जाहिरातींस २००३ च्या कायद्याने बंदी झाली व ती २००४ च्या मे महिन्यापासून अमलात आली. तेव्हा रस्त्यावरच्या भिंतीवर विडीचे नाव दिसले की, ते बहुधा त्यापूर्वीचे समजावे. नावेही बदलतात. संभाजी विडीचे नाव बदलण्याचे तिच्या उत्पादकांनी २०२० साली जाहीर केले. गावोगावच्या पुसट भिंतींना मात्र ते कळविणार कोण?

सरकारनेही भिंती सोडल्या नाहीत. हिवतापाच्या मोहिमेत डी.डी.टी. मारून गेलेला शिपाई दाराशेजारी साच्यातून तारीख उमटवून जाई. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आला. आणि देवीचा रोगी कळविणाऱ्यास हजार रुपयांचे बक्षीस जाहीर करणारी अक्षरे तर आमच्या पिढीतील सर्वांस पाठ आहेत. देशातील देवीचा शेवटचा रोगी १९७५ च्या मे महिन्यात आढळला व १९७७ च्या एप्रिलात देश देवीमुक्त ठरला. अक्षरे त्यानंतरही कित्येक वर्षे बक्षीस देऊ करीत उभी होती. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील डांबरी अक्षरे, निवडणुकांच्या निशाण्या, हा निराळाच विषय आहे. तो वाढवीत नाही.

इटलीतील पोम्पेई हे नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथील भिंतींवर निवडणुकीच्या दोन हजारांहून अधिक रंगीत विज्ञापना सापडल्या आहेत. त्या लिहिणाऱ्यांपैकी एक एमिलियस केलेर म्हणून होता. तलवारबाजांच्या खेळाची जाहिरात लिहून झाल्यावर त्याने आपले नाव घातले आणि हे काम आपण एकट्याने, चांदण्यात केले, असेही लिहून ठेविले. आम्ही ही हकीकत पेंटरांस सांगितली. ते खूष झाले. “चांदण्यात? मग पांढऱ्या भिंतीवर असणार,” एवढेच म्हणाले. “तुम्ही कधी नाव घातले काय?” असे विचारता त्यांनी जीभ चावली. “नाव मालाचं. आमचं कशाला घालतील? जागेचं पैसं त्यांनी दिल्यालं.”

आज त्यांच्या दुकानात रिक्षांच्या पाठीवरची नावे व वाहनांच्या पाट्या एवढेच काम उरले आहे. शेषन हे निवडणूक आयुक्त असता, १९९० ते १९९६ या काळात, भिंती रंगविण्यास चाप बसला. १९९५ मध्ये मालमत्तेचे विद्रूपण रोखणारा राज्याचा कायदा झाला. आणि त्यानंतरच्या काही वर्षांत छापील फ्लेक्स आला. जे काम चार दिवसांचे ते तासाचे झाले. कायद्याने भिंती स्वच्छ झाल्या म्हणावे, तर आता चौकाचौकांत वाढदिवसांचे फलक वाऱ्यावर फडफडतात. याविषयी अधिक न लिहिणे बरे.

असो. संध्याकाळी माजघरात कुटुंबसभा बसली. नानांचा पक्ष स्पष्ट होता : मुंजीस शंभर माणसे येणार, वाडा वाड्यासारखा दिसला पाहिजे, दोन पोती सिमेंट आणूनही ठेवले आहे. पुण्याहून आलेल्या आमच्या पुतण्याने निराळीच टूम काढली. म्हणाला, अक्षरे पुसण्यापेक्षा ती नव्या रंगाने उजळून काढावीत, लोक छायाचित्रे घेण्यास येतील. विलायतेत यॉर्क शहरी पित्ताच्या गोळ्यांची अशीच एक जुनी जाहिरात १९८६ व २०१२ साली नव्याने रंगविण्यात आली आहे, हे त्याने वाचले होते. पेंटर ओसरीवर बसले होते, त्यांस विचारले. ते नाही म्हणाले. रंगवीन, पण मग ती माझी अक्षरे होतील, खालच्या हाताची राहणार नाहीत. पैसे घेऊन ते काम करावेसे वाटत नाही. नानांस हे उत्तर फारच सोयीचे वाटले.

इतक्यात नानांची धाकटी सून आतून एक रुमाल घेऊन आली. ती गेले वर्षभर मोडीच्या वर्गास जाते व सरावासाठी आजोबांची रोजकीर्द लावीत असते. भिंतीवरची अक्षरे राहोत, आमच्या स्वतःच्या आजोबांचे अक्षर आम्हा चौघा भावंडांपैकी एकासही वाचता येत नाही! तिने बोटाने ओळ धरून वाचले : शके १८६०, जमा रुपये बारा, बोळाकडील भिंतीचे सालीना भाडे, दंतमंजनवाले यांजकडून, हस्ते ताई.

ताई म्हणजे आजोबांची बहीण, आमची ताईआजी. चौदाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली, ती मागल्या खोलीत राहिली. सोवळ्यातला स्वयंपाक तिचा, बाळंतिणी तिच्या, आजारीपण तिचे. आणि नावावर छदाम नाही. ती गेली १९५१ साली, आमच्यापैकी बहुतेकांच्या जन्मापूर्वी. आम्ही तिच्याविषयी ऐकले होते ते एवढेच की, तिच्या हातच्या पुरणपोळ्या कोणास साधल्या नाहीत. नाना मात्र आम्हांत वडील. त्यांस तिचा चेहरा आठवतो. ते हळूच म्हणाले की, मंजनवाल्यांचा माणूस प्रथम आला तेव्हा आजोबांनी त्यास दारातून परत पाठविले होते, असे त्यांच्या आईने सांगितले होते. आपल्या घराच्या भिंतीवर मंजन? परंतु बोळातून जाताना ताईआजीने त्या माणसास खिडकीतून थांबविले, आणि रात्री भावास सांगितले की, ही भिंत माझ्या खोलीची आहे, भाडे माझ्या नावे जमा होईल.

सूनबाई पुढे वाचीत गेली. दर वर्षी बारा रुपये जमा; दिवाळीस मंजनाचे सहा डबे, ‘घरात वाटले’. खर्चाच्या बाजूस, ताईकडून : पंढरपूर यात्रा. एका मासिकाची वर्गणी. चष्मा. आणि एके ठिकाणी : धाकटीच्या मॅट्रिकची फी. धाकटी म्हणजे आमची आत्या. पुढे ती शिकली, शिक्षिका झाली, तिच्याच पगारावर नानांचे व आमच्या थोरल्या बंधूंचे शिक्षण झाले. ही फी कोणी भरली, याचा विचार आम्हांपैकी कोणी कधी केला नव्हता. १९५१ नंतर भाड्याची नोंद नाही. चित्रपटवाले बहुधा कोणास न विचारताच रंगवून गेले असावेत.

सभेत थोडा वेळ कोणी बोलेना. मग पेंटरांनीच, भिंत हा आपला विषय म्हणून, ओसरीवरून सांगितले की, जुन्या विटांच्या भिंतीस सिमेंट लावले तर आत शिरलेली ओल आतच कोंडते. खालचे चार फूट चुन्यानेच भरून घ्या, वरच्यास हात लावू नका, भिंत तुमच्या नातवाच्या नातवालाही पुरेल. नानांनी हे हिशेबी मनुष्याच्या काळजीने दोनदा विचारून घेतले. मुंजीच्या मांडवाचे कापड बोळाच्या बाजूस तसेही येणारच, असेही ते स्वतःशी म्हणाले.

तिसरे दिवशी आम्ही निघालो तेव्हा पाऊस नव्हता, भिंत वाळली होती व तिच्यावर पूर्वीसारखे डाग दिसत होते. नानांचा नातू बादलीतील पाण्याचे तांबे तिच्यावर मारून ‘दात’ पुनः पुनः वर काढीत होता. दारात हातगाडी उभी होती. नानांनी दोन पोती सिमेंट तीवर चढविली, दुकानदार पैसे परत देईल की माल बदलून देईल याविषयी हातगाडीवाल्याशी वाद घातला, आणि खिशातून वही काढून त्यात नोंद केली : जमा, सिमेंट परत, पोती दोन.